वन्सं हसल्या तो सिनेमा

सिनेमाचं नाव आता आठवत नाही. आठवलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण आमच्या घरात त्याला पुढे ‘ताईचा सिनेमा’ असंच म्हटलं जायचं. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, माझ्या वन्सं.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. माझ्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. शनिवार पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहत होतो. गॅलरीतून आत आलं की बाहेरची खोली, तिच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर आणि समोर आतली खोली. आतल्या खोलीत आम्ही दोघं. वन्सं बाहेरच्या खोलीत, भिंतीशी लावलेल्या कॉटवर. दिवसा कॉटवर जाड चादर पडली की तिचा सोफा व्हायचा.

हे कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि एका फिल्म सोसायटीचे चिटणीस होते. सोसायटीच्या बैठका आमच्याच बाहेरच्या खोलीत भरत. म्हणजे वन्संच्या कॉटवर माणसं बसत, आणि ती उठून जाईपर्यंत वन्संना पाठ टेकता येत नसे. त्या नुकत्याच मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर त्यांनी ओढलं, ह्यांना शिकवलं आणि त्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. हे सगळं मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं, कौतुकाने. “ताईने आमच्यासाठी फार केलं,” असं हे चारचौघांत म्हणत आणि पुढच्या विषयाकडे वळत.

मला वन्संची धास्ती वाटायची. त्या कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. मी केलेलं काम फक्त पुन्हा करत. मी साडीची घडी घालून ठेवली की त्या ती मोडून आपली घडी घालत. मी भाजी चिरली की त्यातल्या चार फोडी उचलून आणखी बारीक करत. रस्त्यात खायचं नाही, गॅलरीत उभं राहून बोलायचं नाही, दूध उघडं ठेवायचं नाही. माहेरी गेले की मी आईला सांगायची, ह्यांचं काही नाही गं, पण वन्संच्या नजरेखाली जीव कोंडतो. आई म्हणायची, “सहन कर. त्या किती दिवस असणार आहेत?” मग आम्ही दोघी गप्प व्हायचो, कारण जे बोलून गेलो ते दोघींनाही ऐकू आलेलं असायचं.

वन्सं सोसायटीच्या सिनेमांना येत नसत. मला मात्र जावंच लागे. सिनेमा रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात असायचा. घरी येताना वाटेत हे मला तो समजावून सांगत: काय पाहिलं, त्याचा अर्थ काय आणि मला काय वाटायला हवं होतं. मी मान हलवत असे. मला काय वाटलं हे त्यांनी विचारलं नाही असं नाही, पण मी उत्तर देईपर्यंत त्यांचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं.

त्या रविवारी थंडी चांगलीच होती. आधीच्या एक-दोन सिनेमांना लोक झोपले होते आणि सभासद कुरकुर करत होते. ह्यांना भीती वाटली की सभागृह रिकामं दिसेल. आदल्या दिवशी ते वन्संना म्हणाले, “ताई, उद्या तूही ये. विनोदी आहे. जुना ब्रिटिश सिनेमा, सूडाचा, पण हसवणारा.”

“सूड आणि हसवणारा?” वन्संनी विचारलं.

“त्यांच्याकडे असतं तसं.”

वन्सं आल्या. आम्हाला ह्यांनी तिसऱ्या रांगेत अगदी मध्ये बसवलं, पुढून बघणाऱ्याला रांग भरलेली दिसावी म्हणून. खिडक्यांना काळे पडदे होते, दारालाही. मध्येच कुणी उठायचं नाही असा सोसायटीचा नियम होता आणि तो पाळला जातोय का हे बघायला हे स्वतः दाराशी उभे राहत.

सिनेमातली गोष्ट अशी होती. समुद्रकाठच्या एका लहान इंग्रजी गावात एक प्रौढ, अविवाहित बाई आपल्या वकील भावाचं घर सांभाळत असते. भाऊ उशिरा लग्न करतो. नवी बायको येते, तिच्याबरोबर तिचा पियानो येतो, आणि पियानो ठेवायला बहिणीची खोली जाते. तिला माळ्यावर पाठवतात. माझी खोली मला राहू द्या, एवढंच ती मागत असते. भावाकडे मागते, काकाकडे मागते. दोघेही तिच्या हातचा केक खात तिचं ऐकून घेतात आणि हवापाण्याचं बोलू लागतात. मग ती एकेकाला मारायला लागते, फार सभ्यपणे. काका लाकडी धक्क्यावर फिरायला जातो, तिथली एक फळी तिने सैल करून ठेवलेली असते. दर अंत्ययात्रेनंतर ती माळ्यावरून एक मजला खाली येते, जरा मोठ्या खोलीत.

इंग्रजी मला वाचता यायचं, पण त्या लोकांचं बोलणं कानाला पकडता येत नव्हतं. मी चेहऱ्यांवरून समजून घेत होते, बोलणी मला पुढे वन्संकडून कळली. वन्संना सगळं कळत होतं. बहीण आपल्या खोलीबद्दल अगदी काकुळतीने बोलत असताना काका मध्येच बशी पुढे करतो, आणखी एक तुकडा वाढ म्हणून. तिथे माझ्या शेजारून एक आवाज आला. कुणाला ठसका लागावा तसा. मी वळून पाहिलं. वन्सं हसत होत्या.

मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं असं नाही. पाहुणे आले की त्या ओठ ताणून हसत. हे तसलं हसू नव्हतं. त्या दाबत होत्या आणि ते दाबलं जात नव्हतं.

रीळ बदलायला मध्ये दिवे लागले. आमच्या पुढे बसलेले एक निवृत्त पोस्टमास्तर शेजाऱ्याला म्हणाले, “बाई खुनी आहे, पण केक उत्तम करते असं दिसतं.” एका डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, “शी, आपल्याकडे असं कुणी दाखवणार नाही.” वन्संनी पदराने डोळे पुसले आणि सरळ बसल्या.

दुसऱ्या रिळात भावजय मेली. तिला आणि भावाला बहिणीने विषारी अळंब्यांचं काहीतरी करून वाढलं होतं. भाऊ आधी कोसळला. भावजयीला मात्र काही कळलं नव्हतं, ती काटा हातात धरून आणखी वाढायला सांगत होती आणि सांगता सांगताच टेबलावर कलंडली. सगळं सभागृह हसलं. वन्संही हसल्या, मोठ्याने. आमच्या खुर्च्यांना मिळून एकच हात होता. त्यावर टेकलेलं त्यांचं कोपर हलत होतं आणि ते हलणं माझ्या दंडाला जाणवत होतं. पडद्यावर भावजय मरत होती आणि माझी नणंद हसत होती.

तोवर मी मनात त्या बहिणीच्याच बाजूची होते. मला वाटत होतं की सिनेमा माझ्यासारखीचाच आहे, परक्या घरात अडकलेल्या बाईचा. एकदम लक्षात आलं की या गोष्टीत मी कोण आहे ते. उठून बाहेर जावंसं वाटलं. पण दोन्ही बाजूंना गुडघ्यांची रांग होती, दाराला काळा पडदा होता आणि पडद्याशी हे उभे होते. मी बसून राहिले.

शेवटी पोलीस त्या बाईला पकडतात. तुरुंगातली कोठडी दाखवतात. ती आत जाते, चारी बाजूंना बघते, कॉटवरून हात फिरवते आणि पहारेकऱ्याला अदबीने विचारते, “ही एकटीसाठीच ना?” तो हो म्हणतो. ती म्हणते, “मग दार लावून घ्याल का?” तिथे सिनेमा संपतो. लोक हसले आणि थांबले, खुर्च्या मागे सरकवू लागले. वन्संचं हसणं थांबत नव्हतं. दिवे लागले तरी त्या हसत होत्या, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि लोक वळून बघत होते.

सिनेमानंतर चर्चा असे. हे पुढे उभे राहिले आणि म्हणाले की हा इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेवरचा उपहास आहे, त्याचा आपल्या कुटुंबपद्धतीशी संबंध जोडू नये. एक दाढीवाला विद्यार्थी म्हणाला की कुटुंब ही गोष्टच शोषणाची आहे. पोस्टमास्तर म्हणाले, “अहो, पण तिने सगळ्यांना चहा वेळेवर दिला. आमच्याकडे खून नाही आणि चहाही नाही.” त्यांची पत्नी शेजारीच होती. ती म्हणाली, “घरी चला, दोन्ही देते.” मोठा हशा झाला.

त्या हशात ह्यांना सुचलं. “आमची ताई आज मनापासून हसली,” ते म्हणाले. “ताई, तुला काय आवडलं ते सांग ना सगळ्यांना.”

वन्सं उभ्या राहिल्या. शाळेत उभ्या राहत असतील तशा, हात पुढे बांधून.

“तिने आधी मागून पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते मला आवडलं. सगळ्यांकडे नीट मागून पाहिलं होतं.”

आणि बसल्या. मग हे म्हणाले, “म्हणजे आता आम्हाला जपून राहायला हवं,” आणि लोक पुन्हा हसले. मी वन्संकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आता काहीच नव्हतं.

हे रिळांचे डबे परत पाठवायला मागे राहिले. आम्ही दोघी मंडईवरून घरी निघालो. मटार घेतले, गाजरं घेतली. एका बाईपाशी वन्संनी बोरं घेतली आणि चालता चालता खायला लागल्या. रस्त्यात. बिया कडेला टाकत होत्या. मला एक बोर दिलं, म्हणाल्या, “खा.”

मी ते मुठीत धरलं आणि घरापर्यंत तसंच नेलं. खाल्लं नाही. ही मूर्खपणाची भीती आहे हे मला तेव्हाही कळत होतं. बोरं तर मंडईतली होती.

त्यानंतर ह्यांना एक विनोद सापडला आणि तो त्यांनी सोडला नाही. घरी कुणी आलं आणि वन्संनी चहा आणला की हे म्हणत, “ताईच्या हातचा आहे, देवाचं नाव घेऊन प्या.” सोसायटीची माणसं सिनेमा पाहिलेली होती, ती खूष व्हायची. जिन्यात भेटणारे शेजारीसुद्धा विचारू लागले, “काय ताई, आज कुणाचा नंबर?” वन्सं ओठ ताणून हसत. दिवस गेले, महिना गेला, विनोद चालूच. मी ह्यांना एकदा आतल्या खोलीत म्हटलं, “अहो, पुरे आता ते.” ते म्हणाले, “अगं, तिला मजा वाटते. पाहिलं नाहीस, किती हसली ती?”

भिंत पातळ होती. बाहेर कॉट करकरली.

मग एका बैठकीच्या वेळी वन्सं चहा करायला उठल्याच नाहीत. कॉटच्या एका टोकाला बसलेल्या होत्या, माणसांमध्ये चेपून. ह्यांनी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, “ताई, चहाचं बघतेस ना?”

“मी चहा करणं सोडलं,” वन्सं म्हणाल्या. “उगाच कुणाच्या जिवाला घोर नको.”

माणसं हसली, पण जरा कमी. चहा मी केला. दुसऱ्या दिवशी सकाळीही मीच केला. मग वन्संनी दूध तापवणं सोडलं, मग ह्यांचं आंघोळीचं पाणी, मग शर्टांना इस्त्री. एकेक काम माझ्याकडे येत गेलं. त्या सकाळी उठून कॉटवर चादर घालत आणि त्या चादरीवर पुस्तक घेऊन बसून राहत. हे चिडले, पण मोठ्या बहिणीला बोलायची त्यांना सवय नव्हती. ते मला बोलू लागले. पाणी गार का, कॉलर अशी का. तेव्हा मला उमगायला लागलं की इतके दिवस ह्यांच्या आणि माझ्या मध्ये वन्संच उभ्या होत्या, आणि मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

एका दुपारी मी आतल्या खोलीत कपडे आवरत होते. हे कॉलेजात होते. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आतल्या खोलीत क्वचितच येत. मला वाटलं, आता माझी घडी मोडतील. त्या नुसत्याच बघत होत्या.

कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, “वन्सं, त्या सिनेमातल्या भावजयीला का मारलं हो तिने? ती तर नंतर आली होती. तिने काय केलं होतं?”

“तिने पियानो आणला,” वन्सं म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “तू कपाट आणलंस.”

माझ्या वडिलांनी लग्नात लोखंडी कपाट दिलं होतं, मोठं, आरसा असलेलं. मी या घरात आले तेव्हा ते आतल्या खोलीत लागलेलंच होतं.

“तिथे माझी कॉट होती,” वन्सं म्हणाल्या. “खिडकीकडे डोकं करून मी झोपायचे. शाळेच्या वह्या तपासायचे. तुमचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याला म्हटलं, बाहेरच्या खोलीत निदान एक आडोसा करून दे. तो म्हणाला, बघू. कपाट आलं त्या दिवशी कॉट बाहेर नेली.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं.

“तिलाही माहीत नव्हतं. पियानो कुठे ठेवायचा हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तरी ती मेली आणि मला हसू आलं.” त्या कपाटाच्या आरशात बघत बोलत होत्या. “नंतर वाईट वाटलं. तुला बोर दिलं ते तू खाल्लं नाहीस, तेव्हा.”

मी म्हटलं, “आडोसा करायचा तर या कपाटाचाच करू. बाहेरच्या खोलीत आडवं लावू, त्याच्यामागे तुमची कॉट.”

“तो ठेवू देईल?”

“लावून झाल्यावर विचारू.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला.

आम्ही कपाट रिकामं केलं, खाली ओलं गोणपाट सारलं आणि ढकलायला लागलो. फरशीवर ते बरं सरकलं. वन्सं बाहेरच्या बाजूने ओढत होत्या, मी आतून रेटत होते. दारापर्यंत आलं, अर्धंअधिक चौकटीत शिरलं आणि थांबलं. लग्नानंतर ह्यांनी त्या दाराला नवी चौकट बसवून घेतली होती, जाडजूड, आणि दार अरुंद झालं होतं, हे आमच्या दोघींच्या लक्षातच आलं नव्हतं. मी सगळा जोर लावला. कपाट आणखी थोडं आत गेलं आणि घट्ट बसलं. आता ते पुढेही जाईना आणि मागेही येईना.

मी आतल्या खोलीत होते. तिला दुसरं दार नव्हतं, मागची खिडकी गजांची होती. कपाटाच्या माथ्यावर चौकटीपर्यंत हात जाईल एवढी फट होती, माणूस जाणार नाही.

“वन्सं,” मी हाक मारली. “मी अडकले.”

पलीकडून काहीच आवाज येईना. मग तो ठसक्यासारखा आवाज आला. त्या हसत होत्या. आणि मीही हसायला लागले. कपाटाला पाठ लावून, फरशीवर बसून, पोट दुखेपर्यंत. पलीकडे त्याही कपाटाला टेकून बसल्या असाव्यात, कारण त्यांचं हसणं मला पत्र्यातून पाठीला लागत होतं.

हसणं ओसरल्यावर भीती वाटली. हे येतील तेव्हा काय म्हणतील? वन्सं म्हणाल्या, शेजारच्यांना बोलावते. मी म्हटलं, थांबा जरा. का थांबा म्हटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या खोलीत मी एकटी होते आणि मला कुणी काही सांगायला येऊ शकत नव्हतं.

आम्ही बोलत बसलो. पत्र्यातून आवाज घुमायचा, म्हणून हळू बोलत होतो. त्यांनी मला सांगितलं की त्यांना एक स्थळ आलं होतं, शिक्षकच, सांगलीकडचा. ह्यांचं कॉलेज व्हायचं होतं म्हणून त्यांनी त्याला थांबायला सांगितलं. तो थांबला नाही. “त्याचंही बरोबर होतं,” त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की मला ह्यांचे सिनेमे कळत नाहीत असं नाही, पण कळले तरी ते सांगायला जागा मिळत नाही. पलीकडे त्या उठल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

थोड्या वेळाने कपाटावरच्या फटीतून एक हात आला, हातात कप. वन्सं स्टुलावर चढल्या होत्या. “गरम आहे, सांभाळ,” त्या म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी त्यांनी केलेला चहा होता. आलं जास्त होतं. मी पूर्ण प्यायले.

हे आले ते सोसायटीच्या दोघांना घेऊन. गॅलरीतून पावलं ऐकू आली आणि आत येऊन थांबली. माझे कपडे, पातळं, ह्यांच्या लग्नातला सूट, सगळं आतल्या खोलीत पलंगावर रचलेलं होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांना फक्त दारात अडकलेल्या कपाटाचा आरसा दिसत असणार आणि आरशात ते स्वतः.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“चर्चा चालली आहे,” वन्सं म्हणाल्या. “सिनेमावर.”

“आणि ही कुठे आहे?”

“मी आत आहे,” मी कपाटामागून म्हटलं.

पाहुण्यांपैकी एकजण हसला आणि लगेच थांबला. ह्यांनी कपाटाला खांदा लावून पाहिला. मग खाली जाऊन सुताराला बोलावून आणलं. चौकट एका बाजूने उखडावी लागली. तोवर अंधार पडला होता. पाहुणे कधीच निघून गेले होते.

मी बाहेर आले तेव्हा हे मला म्हणाले, “शोभा केलीत.” वन्संना काही बोलले नाहीत. मी त्यांना कपाटाचं सांगितलं, आडोशाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग सुताराला म्हणाले, “कपाट होतं तिथे परत लावा आणि चौकट नीट बसवा.”

सुताराने आणि त्याच्या माणसाने कपाट उचललं आणि खिडकीशी नेऊन ठेवलं. वन्सं बघत उभ्या होत्या. मीही बघत उभी होते. त्या दोघांना अडवायला हवं होतं असं मला आज वाटतं, पण कपाट पुन्हा जागेवर बसताना मला एवढंच वाटत होतं की याहून वेगळं काही होणारच नव्हतं.

ह्यांचा विनोद मात्र त्या दिवशी बंद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात वन्सं घर सोडून गेल्या. नदीपलीकडे मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथे राहून देखरेख करणारी बाई हवी होती. त्यांच्या शाळेतल्या एका मैत्रिणीने सांगितलं आणि त्यांनी होकार कळवूनच आम्हाला सांगितलं. हे म्हणाले, “लोक काय म्हणतील? भाऊ असताना बहीण वसतिगृहात राहते?”

“भावाकडे जागा कमी आहे म्हणतील,” वन्सं म्हणाल्या. “खरंच आहे ते.”

त्या निघाल्या त्या दिवशी हे टांग्यात सामान चढवायला मात्र खाली आले आणि टांगा वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले. बहिणीवर त्यांची माया नव्हती असं मी म्हणणार नाही. ती दाखवायला त्यांना कधी जागा बदलावी लागली नव्हती, इतकंच.

वन्संची कॉट होती तिथे मी म्हटलं, एक टेबल ठेवू, मला शिवणाचं मशीन मांडता येईल. हे म्हणाले, बघू. काही दिवसांनी तिथे सोसायटीच्या खुर्च्या आल्या, घडीच्या, भिंतीला रांगेने टेकवलेल्या. बैठकीला आता जास्त माणसं बसू लागली. चहाही जास्त लागू लागला.

मी अधूनमधून दुपारी वन्संकडे जात असे. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला खोली दाखवली. लहानच होती. खिडकीबाहेर कडुलिंब होता. खिडकीकडे डोकं करून कॉट होती आणि कॉटवर एक उघडं पुस्तक पालथं पडलेलं. साडी खुर्चीवर नुसती टाकलेली होती, घडी न करता. मी ती सहज उचलून घडी करायला लागले तर त्या म्हणाल्या, “राहू दे गं.”

आम्ही चहा प्यायलो. मुली त्यांना घाबरून होत्या, ते दारातून डोकावण्यावरून कळत होतं. मी हसत हसत विचारलं, “वन्सं, इथे अजून एखादी बाई लागत नाही का हो? मदतीला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थट्टेत विचारलेलं नाही हे त्यांना कळलं.

“लागते,” त्या म्हणाल्या. “पण नवरा असलेली घेत नाहीत.”

खाली मुलींच्या जेवणाची ताटं वाजायला लागली. वन्सं उठल्या, चपला घातल्या. त्यांना पंगतीवर लक्ष ठेवायला जायचं होतं. फाटकापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. म्हणाल्या, “गुरुवारी ये. गुरुवारी मला काम कमी असतं.” मी हो म्हटलं.

पुलावरून चालत आले. सकाळीच हे म्हणाले होते की संध्याकाळी बैठक आहे, माणसं जरा जास्त आहेत. वाटेत दूध जास्तीचं घ्यायचं होतं, ते घेतलं आणि जिना चढले.